टॅलाहॅची काउंटी न्यायालय (सम्नर)
टॅलाहॅची काउंटी न्यायालय ही अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील सम्नर या छोट्या गावात असलेली ऐतिहासिक इमारत आहे. या शेतीप्रधान काउंटीला चार्ल्सटन आणि सम्नर अशी दोन मुख्यालये आहेत. सम्नरची विटांची इमारत रोमनेस्क पुनरुज्जीवन शैलीतील आहे.

सप्टेंबर १९५५ मध्ये येथे एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाचा खटला चालला. टिल शिकागोहून नातेवाइकांकडे आला होता. त्याचे अपहरण शेजारच्या लेफ्लोर काउंटीत झाले. मात्र मृतदेह टॅलाहॅची काउंटीच्या हद्दीत नदीत सापडल्याने खटला सम्नरला आला. ज्युरी मतदार यादीतून निवडले जात. काउंटीत कृष्णवर्णीय बहुसंख्य असूनही त्यांपैकी एकाचेही नाव त्या यादीत नव्हते. परिणामी बाराही ज्युरी श्वेतवर्णीय पुरुष होते. टिलचे नात्याने आजोबा असलेले मोझेस राइट यांनी भर न्यायालयात उभे राहून आरोपीकडे बोट दाखविले. त्या काळी मिसिसिपीत ही असामान्य धैर्याची गोष्ट होती. तरीही रॉय ब्रायंट व जे. डब्ल्यू. मायलम यांना ज्युरींनी सुमारे तासाभरात निर्दोष ठरविले. जानेवारी १९५६ मध्ये एका मासिकात दोघांची कबुली प्रसिद्ध झाली. परंतु निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालविता येत नसल्याने त्यांना शिक्षा झाली नाही.

२ ऑक्टोबर २००७ रोजी याच इमारतीसमोर टिल कुटुंबीयांची जाहीर माफी मागण्यात आली. पुढे न्यायकक्षाला १९५५ मधील रूप परत देण्यात आले. २५ जुलै २०२३ रोजी घोषित झालेल्या राष्ट्रीय स्मारकात या इमारतीचा समावेश आहे.