सायकल हलकी कशी झाली

जड सायकल विकून हलकी घेतली की वेग आपोआप वाढतो, असे आपण सारेच धरून चालतो. दुकानदारही सायकल एका हाताने उचलून पाहावयास सांगतो आणि सौदा तेथेच अर्धा ठरतो. इतिहासाची साक्ष मात्र इतकी सरळ नाही. लोकांनी हलके वाहन सोडून जड वाहन पत्करले आणि तेच अधिक वेगाने धावू लागले, असाही एक काळ होऊन गेला. आज आपणांस मुख्यतः त्या पाच-सहा वर्षांकडे पाहावयाचे आहे.

आरंभीची हकीकत थोडक्यात आटोपू. १८१७ साली जर्मनीत मानहाइम येथे कार्ल ड्राइस याने दोन चाकांची लाकडी गाडी केली. ती पायांनी जमीन रेटीत चालवावयाची. पुढे १८६० नंतर पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. लोखंडी धावेची ती गाडी फरसबंदीवर अशी आदळे की, इंग्रजांनी तिला 'हाडे खिळखिळी करणारी' हेच नाव दिले.

खरा पालट झाला तो चाकात. बैलगाडीच्या चाकाचा आरा भार अंगावर घेऊन उभा असतो, म्हणून तो जाड लागतो. तार दाबली तर वाकते. पण ताणून बसवली की माणसाचे ओझे पेलते. १८७० च्या सुमारास ही युक्ती साधली आणि चाक हलके झाले. हलके झाले तसे ते मोठेही झाले, कारण त्या गाडीला साखळी नव्हती. पायडलाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. दीड मीटर व्यासाचे चाक एका फेऱ्यात पावणेपाच मीटर जाई. यापुढे मर्यादा होती ती स्वाराच्या पायाच्या लांबीची. शर्यतीसाठी केलेल्या या उंच गाड्या खरोखर हलक्या असत. पण चाक खड्ड्यात अडकले की स्वार डोक्यावर आपटे. म्हातारेकोतारे, झगे घालणाऱ्या स्त्रिया यांनी त्या वाटेस जाऊच नये, असेच ते वाहन होते.

१८८५ साली इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' काढली. स्वार दोन चाकांच्या मध्ये, पाय जमिनीच्या जवळ, आणि साखळी मागच्या चाकाला. पुढचे दातेरी चक्र मोठे आणि मागचे लहान केले की लहान चाकही हवे तितके पळवता येते. पायाच्या लांबीचा अडसर संपला. उंच शर्यती गाडीपुढे ही गाडी जड होती. तरी त्याच वर्षी सप्टेंबरात जॉर्ज स्मिथ याने रोव्हरवरून शंभर मैल सुमारे ७ तास ५ मिनिटांत तोडून विक्रम केला.

एक उणीव राहिली. लहान चाकाला रस्त्याचा प्रत्येक दगड कळतो. ही उणीव भरून निघाली ती गुरांच्या डॉक्टराकडून! बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी रबरी नळीत हवा भरून पाहिली. भरीव रबराचे चाक आणि हवेचे चाक त्याने अंगणात घरंगळत सोडले. पहिले वाटेतच पडले, दुसरे पार फाटकावर जाऊन आदळले. १८८८ साली त्याने पेटंट घेतले. चाळीसेक वर्षांपूर्वी रॉबर्ट टॉमसन याने तीच कल्पना नोंदवून ठेवली होती, आणि त्यामुळे डनलॉपचे पेटंट पुढे रद्द झाले, हा भाग वेगळा. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विल्यम ह्यूम हा स्वार हे फुगीर टायर घेऊन उतरला. लोक हसले. ह्यूमने शर्यती जिंकल्या, तेव्हा हसणे थांबले. त्या टायरांनी गाडी हलकी केली नव्हती. धक्क्यांत वाया जाणारी शक्ती वाचवली होती. पुढे १८९१ साली पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याच्या सुमारे बाराशे किलोमीटरांच्या शर्यतीत शार्ल तेरों हा मिशलँचे काढता-घालता येणारे टायर लावून पहिला आला. त्यानंतर भरीव रबराला कोणी वाली उरला नाही.

एवढे झाल्यावर मग नळ्या पातळ होऊ लागल्या. १८९७ साली बर्मिंगहॅमच्या रेनल्ड्स घराण्यातील कारखानदाराने टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले: सांध्यावर ताण अधिक म्हणून तेथे धातू ठेवावयाचा, इतरत्र कमी करावयाचा. १९३५ साली याच कारखान्याची '५३१' ही पोलादी नळी आली आणि पुढे कित्येक वर्षे शर्यतीच्या स्वारांनी तीच मागितली.

येथे स्त्रियांची गोष्ट सांगितलीच पाहिजे. झगा सांभाळण्यासाठी वरचा दांडा खाली वाकवला की सांगाडा दुबळा होतो. तो भक्कम करावयास धातू वाढवावा लागतो. वर साखळीला झाकण आणि चाकाला जाळी. म्हणजे स्त्रीला हलकी सायकल हवी तर आधी पोशाख बदलणे आले. १८९८ साली लेडी हार्बर्टन ही बाई तुमानीसारखा वेष करून सायकलने निघाली, तर सरे परगण्यातील एका हॉटेलाने तिला कॉफीच्या दालनात बसू दिले नाही. फिर्याद झाली आणि हॉटेलवाले सुटले! आपल्याकडेही साडीसाठी लेडीज सायकलच्या मागच्या चाकाला जाळी असे; तिचे वजन मोजले तर थोडे, पण ती कशासाठी होती हे विसरू नये.

मग वजनाला काहीच किंमत नाही का? आहे, पण ती चढावर. पासष्ट किलोच्या माणसाने वीस किलोची सायकल सोडून दहा किलोची घेतली, तर कात्रजच्या घाटात त्याचे शेकडा बारा ओझे उतरले. सपाट रस्त्यावर वेगात मात्र मुख्य झगडा वाऱ्याशी असतो. तेथे ताठ बसणारा स्वार हलक्या सायकलवरही मागेच पडेल. शर्यतीच्या जगात हलकेपणाची इतकी चढाओढ झाली की, २००० सालापासून ६.८ किलोंहून हलकी सायकल चालणार नाही असा आंतरराष्ट्रीय नियम झाला. काही संघांना सायकलीस वजने जोडण्याची पाळी आली.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर मद्रास, आसनसोल, सोनीपत, लुधियाना येथे कारखाने निघाले. त्यांनी बहुतांशी विलायती धाटणीची जड सायकलच गावोगाव पोहोचवली. तिला मागासलेली म्हणून हिणवणे आम्हांस पटत नाही. शर्यतीचा स्वार स्वतःलाच नेतो. आपला गवळी दोन बाजूंना दुधाचे कॅन अडकवतो, शेतकरी कॅरिअरवर पोते टाकतो, कारकून पुढच्या दांड्यावर मुलाला बसवतो. त्या दांड्याची नळी पातळ करताना हे ओझे विसरून चालणार नाही.