विज्ञान-गणित शिक्षक व्हायचे आहे? चार वर्षांचा बी.एस्सी. बी.एड. आणि दुर्गम शाळांतील नोकरी

सहावी ते आठवीच्या प्रत्येक शाळेत विज्ञान व गणितासाठी किमान एक शिक्षक असलाच पाहिजे, असे शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत नमूद आहे. मंजूर पदांपैकी १० टक्क्यांहून अधिक पदे रिक्त राहू नयेत, असे याच कायद्याचे कलम २६ सांगते. प्रत्यक्षात डोंगराळ आणि आदिवासी भागांतील शाळांना या विषयांचा शिक्षक मिळणे अवघड जाते आणि मिळालेला टिकणे त्याहून अवघड. अशा शाळेत शिकवू इच्छिणाऱ्या बारावी विज्ञानच्या विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या पालकांसाठी ही माहिती आहे.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. कायद्यात विज्ञान आणि गणित मिळून एक जागा आहे. शाळा लहान असेल तर जीवशास्त्राच्या पदवीधराला समीकरणे शिकवावी लागतात आणि गणिताच्या पदवीधराला पेशी. बारावीला गणित सोडण्यापूर्वी याचा विचार केलेला बरा.

अभ्यासक्रम

पूर्वापार मार्ग म्हणजे तीन वर्षांची बी.एस्सी. आणि त्यानंतर दोन वर्षांचे बी.एड., एकूण पाच वर्षे. हा मार्ग बंद झालेला नाही. एकात्मिक शिक्षक शिक्षण कार्यक्रमात, म्हणजे आयटीईपीमध्ये, दोन्ही पदव्या चार वर्षांत मिळतात. हा कार्यक्रम २०२१ मध्ये अधिसूचित झाला आणि २०२३-२४ पासून ५७ संस्थांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. विषयाचा अभ्यास आणि शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव त्यात बरोबरीने चालतो. एक वर्ष वाचते, म्हणजे एका वर्षाची फी आणि वसतिगृहाचा खर्चही वाचतो. अनेक घरांत मुलीला पुढे शिकवायचे की नाही, हे याच हिशेबावर ठरते.

कल्पना मात्र नवी नाही. अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथील प्रादेशिक शिक्षण संस्थांत चार वर्षांचा असा अभ्यासक्रम १९६० च्या दशकापासून चालत आला आहे. महाराष्ट्र आणि गोवा भोपाळच्या संस्थेच्या कार्यक्षेत्रात येतात.

आयटीईपीच्या प्रवेशासाठी राष्ट्रीय चाचणी संस्था एनसीईटी ही परीक्षा घेते. ती १३ भाषांत होते व त्यांत मराठी आहे.

पदवी म्हणजे नियुक्ती नव्हे

सर्वाधिक गैरसमज येथे होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये ग्रामीण भागातील गुणवंत विद्यार्थ्यांना या अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती आणि पुढे स्थानिक भागात नोकरीत प्राधान्य देण्याची शिफारस आहे. ती शिफारस आहे, नियुक्तीपत्र नव्हे. शाळांतील भरती राज्य शासन करते. त्यामुळे आपल्या राज्याने त्यासाठी आदेश काढला आहे का, हे पाहिल्याशिवाय कोणाच्याही तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

सहावी ते आठवीला शिकवण्यासाठी शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा, दुसरा पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो. १५० गुणांपैकी ६० गुण गणित-विज्ञानाचे असतात. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत मिळू शकते. टीईटीमुळे पात्रता मिळते, भरती वेगळी होते. महाराष्ट्रात त्यासाठी अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आहे.

टिकून राहण्यासाठी काय मिळते

पहिला प्रश्न घराचा. गावात भाड्याने खोली मिळत नसेल तर शिक्षक तालुक्याहून ये-जा करतो आणि पावसाळ्यात ती ये-जाही थांबते. दुर्गम भागात शिक्षक निवासस्थाने बांधण्याची तरतूद समग्र शिक्षा योजनेत आहे. रुजू होण्यापूर्वी निवासस्थान आहे का आणि ते राहण्याजोगे आहे का, अशी दोन्ही चौकशी करावी.

दुसरा प्रश्न पैशाचा. महाराष्ट्रात आदिवासी क्षेत्रात काम करणाऱ्यांना २००२ च्या शासन निर्णयानुसार एकस्तर वेतनश्रेणीचा, म्हणजे एक पायरी वरच्या पदाच्या वेतनाचा, लाभ आहे. तो त्या क्षेत्रात असेपर्यंतच असतो. बदली होऊन बाहेर आल्यावर वेतन मूळ श्रेणीवर येते, म्हणून गृहकर्जाचा हप्ता वाढीव पगारावर ठरवू नये.

एकलव्य आदर्श निवासी शाळांचे स्वरूप वेगळे आहे. तेथे केंद्रीय पातळीवर भरती होते आणि नेमणूक देशात कोठेही होऊ शकते. पदवीधर शिक्षकाचे वेतन स्तर ७ मध्ये, ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. शाळा निवासी असल्याने वर्गाबाहेरचीही जबाबदारी असते. घरात गोंडी किंवा संताळी बोलणाऱ्या मुलांना अपूर्णांक शिकवायचे, तर निदान मोजणीचे शब्द तरी त्यांच्या भाषेत यायला हवेत. अर्ज भरताना याची मनाशी तयारी ठेवावी.

प्रवेश घेण्यापूर्वी

संस्थेला राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची मान्यता नेमक्या आयटीईपीसाठीच आहे, हे परिषदेच्या संकेतस्थळावर तपासावे. बी.एड.ची मान्यता असलेल्या संस्थेकडे ती असेलच असे नाही. फी भरल्यानंतर हे कळले तर गेलेले वर्ष परत येत नाही.