बग, ग्लिच की डिफेक्ट? शब्द निवडण्याचा इतिहास

बडोदा, इंदूर, हैदराबाद, बंगळूर, कुठूनही मराठी मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात. इंग्रजीत बिघाडाला इतके शब्द कशाला? बग, ग्लिच, एरर, फॉल्ट, फ्लॉ, डिफेक्ट. ऑफिसच्या ईमेलमध्ये यातला कोणता लिहायचा? मी व्याकरण सांगत नाही, इतिहास सांगतो, कारण उत्तर इतिहासातच आहे.

सुरुवात बगपासून करू. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू या संगणकाच्या रिलेमध्ये एक पतंग सापडला. तो वहीत चिकटवला गेला आणि ती वही आज अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेत आहे. ग्रेस हॉपर ही गोष्ट रंगवून सांगत, म्हणून शब्द तिथेच जन्मला असा समज पसरला. पण खरा किडा सापडल्याची गंमत वाटली, याचाच अर्थ शब्द आधीपासून रुळलेला होता. थॉमस एडिसनने १८७८ सालच्या एका पत्रात यंत्रातल्या बारीकसारीक अडचणींना बगच म्हटलं आहे.

ग्लिच विजेच्या दुनियेतला. अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी १९६२ साली त्याचा अर्थ समजावून सांगितला होता: विद्युतदाबात अचानक येणारा क्षणिक चढउतार. म्हणून आजही ग्लिच म्हटलं की ऐकणारा समजतो, आला आणि गेला.

बाकीचे शब्द जुने आहेत. एररच्या मुळाशी लॅटिनमधलं भटकणं आहे, म्हणजे वाट चुकणं. डिफेक्टच्या मुळाशी कमी पडणं आहे, आपल्या उणिवेसारखं. फ्लॉ म्हणजे आधी पापुद्रा, मग रत्नातली किंवा काचेतली चीर. आपण तिला खोट म्हणतो. फॉल्ट मात्र दुधारी आहे, आपल्या 'दोष'सारखा. यंत्रात दोष असतो आणि माणसाला दोष दिलाही जातो.

आता मुद्द्याचं. यातला प्रत्येक शब्द जबाबदारी वेगळ्या ठिकाणी ठेवतो. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८८ साली हेच ठासून सांगितलं. त्यांचं म्हणणं असं, की बग म्हटलं की वाटतं, आपलं लक्ष नसताना किडा आपला आपण आत शिरला. खरं तर ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची चूक असते, म्हणून तिला एररच म्हणा. टेस्टिंग शिकवतानाही हीच साखळी सांगतात. माणूस करतो ती एरर, तिच्यामुळे कोडमध्ये राहतो तो डिफेक्ट आणि वापरताना दिसतं ते फेल्युअर.

हा निव्वळ कीस काढणं वाटत असेल, तर कोलंबिया आठवा. ऑक्टोबर २००२ मध्ये अटलांटिस यानाच्या उड्डाणात बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून बूस्टरच्या कड्यावर आदळला. टाकीच्या त्याच भागातून फोम सुटल्याच्या आधीच्या घटना नासाने 'अनॉमली' म्हणून नोंदवल्या होत्या. तशी नोंद झाली की तिचा निकाल लावावा लागतो. या वेळी मात्र 'ॲक्शन' हा खालच्या दर्जाचा शब्द वापरला गेला. त्यासाठी पुढची उड्डाणं थांबली नाहीत.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया उडालं. त्याच भागातून फोम सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. १ फेब्रुवारीला परतताना तिथून तप्त वायू आत शिरला, यान तुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. त्यात कर्नालच्या कल्पना चावला होत्या.

एका शब्दाने यान पाडलं असं मी म्हणणार नाही. फोमने पाडलं. पण चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात फोमइतकाच ठपका संस्थेच्या कार्यपद्धतीवर ठेवला. वारंवार दिसणारा दोष सवयीचा झाला होता. 'हे तर आपल्या ओळखीचंच' असं मानण्याला नासाच्या भाषेत 'इन-फॅमिली' असा शब्दही होता. घरातलंच म्हटल्यावर भीती कसली?

म्हणून ईमेल लिहिताना आधी तीन प्रश्न विचारा. हे पुन्हा घडेल का? मूळ रचनेत आहे की वापरात? कुणाला इजा होऊ शकते का? आपोआप गेलं आणि कारणही कळलं असेल, तर खुशाल ग्लिच लिहा. कारण कळलेलं नसेल, तर ग्लिच लिहू नका, कारण वाचणारा फाईल बंद करेल. रचनेतच खोट असेल, तर फ्लॉ किंवा डिफेक्ट लिहा. साहेबांना जरा कडक वाटेल, वाटू दे. माणसाची चूक असेल तर एरर लिहा, आणि फॉल्ट लिहिण्याआधी बघा, आपण यंत्राबद्दल बोलतोय की माणसाबद्दल.

सौम्य शब्द वापरायला माझी हरकत नाही. फक्त तो सौम्य शब्द वाचून पुढच्या माणसाने काम थांबवायचं होतं ते थांबवलं नाही, असं होऊ नये.