स्क्रोलबारची दृश्यता

स्क्रोलबारची दृश्यता हा यूझर इंटरफेसच्या रचनेतील एक वादविषय आहे. विंडोत न मावणारा मजकूर सरकवण्यासाठी तिच्या कडेला दिलेली पट्टी म्हणजे स्क्रोलबार. ही पट्टी पडद्यावर कायम दिसावी की सरकवतानाच प्रकट व्हावी, याविषयी मतभेद आहेत.

कार्य

स्क्रोलबारची दोन कार्ये आहेत. पहिले नियंत्रणाचे : पट्टीतील ठोकळा माउसने ओढून दस्तऐवजाच्या कोणत्याही भागात जाता येते. दुसरे माहितीचे : पट्टी दिसली की दृष्टीआड आणखी मजकूर आहे हे कळते. ठोकळ्याच्या स्थानावरून वाचक कोठवर आला आहे, तर त्याच्या लांबीवरून एकूण मजकुराचा किती भाग समोर आहे, याचा अंदाज येतो. ठोकळ्याची लांबी मजकुराच्या प्रमाणात बदलण्याची पद्धत विंडोज ९५ मध्ये होती. त्या काळच्या मॅकिंटॉशवर मात्र ठोकळा एकाच आकाराचा असे.

इतिहास

पट्टी लपवण्याची कल्पना नवी नाही. झेरॉक्स पार्क येथे विकसित झालेल्या स्मॉलटॉक प्रणालीत सक्रिय विंडोवर माउसचा दर्शक असतानाच स्क्रोलबार दिसे. १९८१ मधील झेरॉक्स स्टार आणि १९८४ मधील ॲपल मॅकिंटॉश यांत मात्र तो विंडोच्या चौकटीचा स्थायी भाग होता व पुढे तीच पद्धत रूढ झाली.

१९९० च्या दशकात माउसवर चाक आले. २००७ मध्ये आलेल्या आयफोनवर मजकूर थेट बोटाने सरकवला जाई आणि बारीक पट्टी केवळ तेवढ्यापुरती उमटे. नियंत्रणाचे कार्य अशा रीतीने इतर साधनांकडे गेले. २०११ मध्ये मॅक ओएस टेन लायन या आवृत्तीने हीच पद्धत संगणकावर आणली. पुढे लिनक्सवरील ग्नोम आणि विंडोज १० यांनीही आपोआप लपणाऱ्या पट्ट्यांचा अवलंब केला.

लपवण्याच्या बाजूने

लहान पडद्यावर कायमची पट्टी जागा अडवते आणि वाचकाचे लक्ष मजकुरावरून विचलित करते, असे या पक्षाचे म्हणणे आहे. शिवाय पारंपरिक पट्टी मध्येच अवतरली, तर मजकुराची रुंदी घटून ओळींची मांडणी बदलते. मजकुरावर तरंगणाऱ्या पट्टीमुळे ही अडचण येत नाही.

कायम दाखवण्याच्या बाजूने

चाक व स्पर्श यांनी नियंत्रणाला पर्याय दिला; माहितीच्या कार्याला दिला नाही, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप आहे. दिसणारा मजकूर नेमका एखाद्या परिच्छेदाच्या शेवटी किंवा मोकळ्या जागेपाशी संपला, तर पान तेथेच संपल्याचा आभास होतो. त्यामुळे अर्जातील खालचे रकाने भरायचे राहू शकतात किंवा करारातील पुढच्या अटी न वाचताच संमती दिली जाऊ शकते. पानाच्या आत स्वतंत्रपणे सरकणारी चौकट असल्यास हा धोका वाढतो.

हात थरथरणाऱ्या अथवा दृष्टी मंद असलेल्या व्यक्तींना अरुंद आणि क्षणात अदृश्य होणारी पट्टी पकडणे कठीण जाते. लक्ष्य जितके लहान तितका तेथे पोहोचण्यास वेळ अधिक लागतो, हा पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या नियमाचा एक निष्कर्ष येथेही लागू पडतो.

मध्यम मार्ग

अनेक प्रणालींत हा निर्णय वापरकर्त्यावर सोपवलेला आहे. मॅकवर पट्टी कायम दाखवणे, सरकवतानाच दाखवणे किंवा जोडलेल्या साधनानुसार ठरवणे, असे तीन पर्याय आहेत. विंडोज ११ मध्ये ती कायम दाखवण्याची सोय सुलभतेच्या सेटिंगांत आहे. तथापि, पट्टी लपली आहे हेच ज्याच्या ध्यानात येत नाही, तो हे सेटिंग शोधण्याचा संभव कमी असतो. त्यामुळे मूळ सेटिंग कोणते असावे, हा वाद उरतोच.

संकेतस्थळांसाठी सीएसएस भाषेत पट्टीची जागा आधीच राखून ठेवण्याची तरतूद आहे. तिच्यामुळे पट्टी उमटल्यावर मांडणी हलत नाही. याखेरीज शेवटची ओळ किंवा चित्र मुद्दाम अर्धवट कापलेले दाखवून खाली आणखी मजकूर असल्याचे सूचित केले जाते.