साठीशांत ते सहस्रचंद्रदर्शन

आयुष्याची साठ वर्षे पूर्ण झाल्यावर करायची साठीशांत आणि ऐंशी ओलांडल्यावरचे सहस्रचंद्रदर्शन हे महाराष्ट्रातल्या घरांत वडीलधाऱ्यांसाठी होणारे दोन मुख्य सोहळे आहेत. दोन्हींचा उगम पंचांगाच्या गणितात आहे. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरांचे एक चक्र मानले जाते. गुरू सुमारे १२ वर्षांत आणि शनी सुमारे ३० वर्षांत राशिचक्राची फेरी पुरी करतो. त्यामुळे साठ वर्षांनी हे दोन्ही ग्रह जवळपास जन्मवेळच्या जागी येतात आणि जन्माच्या वेळी चालू असलेले संवत्सर त्याच नावाने पुन्हा लागते. सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेब चंद्राचा आहे. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा, म्हणजे हजार पौर्णिमांना साधारण २९,५३१ दिवस लागतात आणि ते ८० वर्षे १० महिन्यांच्या आसपास भरतात. नुसते बारा महिने धरून ८० वर्षांत ९६० पौर्णिमाच होतात. उरलेल्यांपैकी तिसेक पौर्णिमा मधल्या अधिक महिन्यांतून मिळतात. घराघरांत मात्र हा हिशेब इतका काटेकोर पाळला जात नाही. एक्याऐंशीवे लागले, की मुलांच्या रजा आणि परगावच्या लेकींची सोय पाहून दिवस ठरतो.

आज या दिवशी फुगे, केक आणि फोटो असतात. मूळ विधीचा भाव मात्र आनंदाचा नव्हता, भीतीचा होता. धर्मशास्त्रातील शांतिकर्मे ही संकट टाळण्यासाठी असत. ग्रहपीडा, उत्पात, अशुभ नक्षत्रावरचा जन्म अशा प्रसंगी ती करायची, आणि वाढत्या वयाचे ठरावीक टप्पेही त्याच पंक्तीत बसवलेले होते. साठाव्या वर्षाच्या शांतीला उग्ररथ आणि सत्तराव्या वर्षाच्या शांतीला भीमरथ हे नाव आहे. सत्त्याहत्तराव्या वर्षाच्या सातव्या महिन्यातील सातवी रात्र पार करणे फार अवघड, अशीही एक जुनी समजूत आहे. पन्नाशीपासून शंभरीपर्यंत दर पाच वर्षांनी एक शांत सांगितली जाते. पन्नाशीची वैष्णवी, पंचावन्नची वारुणी, पंचाहत्तरची ऐंद्री, पंच्याऐंशीची रौद्री अशी त्यांची नावे पुरोहितांच्या पोथ्यांत सापडतात. प्रत्यक्षात साठी, पंचाहत्तरी आणि सहस्रचंद्रदर्शन एवढीच तग धरून राहिली. मूळच्या पैठणच्या आणि काशीला स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीळकंठ भट्टांनी सतराव्या शतकात रचलेला ‘शांतिमयूख’ हा अशा शांतिकर्मांवरचा प्रसिद्ध ग्रंथ आहे. या साऱ्या परंपरेची आधुनिक पद्धतीने छाननी केली ती पांडुरंग वामन काणे यांनी, आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात. त्या खंडाचा दुसरा भाग १९६२ मध्ये बाहेर पडला, तेव्हा १८८० साली जन्मलेल्या काण्यांनी स्वतःही ऐंशी ओलांडली होती.

विधीत मुख्य स्थान मार्कंडेयाला आणि मृत्युंजय शिवाला आहे. यमाच्या पाशातून सुटलेला अल्पायुषी मुलगा म्हणून मार्कंडेयाची कथा सर्वांना माहीत असते. त्याच्या जोडीला अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृप आणि परशुराम या सात चिरंजीवांची पूजा होते. कलशस्थापना, होम, कलशातल्या पाण्याने पतिपत्नींवर अभिषेक, आणि काशाच्या वाटीतील तुपात आपला चेहरा पाहून ती वाटी दान देणे असा क्रम असतो. तीळ आणि गूळ घातलेले दूध प्राशन करण्याची रीत वाढदिवसाच्या जुन्या विधीतून आलेली आहे. यानंतरचा भाग घरच्यांचा. जितकी वर्षे झाली तितक्या दिव्यांनी लेकी, सुना आणि नाती ओवाळतात. काही घरांत साठी झालेल्या जोडप्यामध्ये अंतरपाट धरून पुन्हा मंगळसूत्र घालतात. तमिळनाडूत साठी आणि ऐंशीचे असे विवाह तिरुक्कडैयूरच्या शिवमंदिरात मोठ्या संख्येने लागतात. तेथेही आधार मार्कंडेयाच्याच कथेचा आहे; फरक एवढाच, की मराठी कुटुंबे हा विधी बहुधा घरी किंवा मंगल कार्यालयात करतात. पणतवंडाचे तोंड पाहिलेल्या पणजोबा-पणजींवर सोन्याची फुले उधळण्याची चाल याच परिवारातली. तिला मात्र वयाची अट नाही, चौथी पिढी पाहण्याचे भाग्य लागते.

दानाचा सर्वांत भव्य प्रकार म्हणजे तुला. शिवाजी महाराजांनी ६ जानेवारी १६६५ रोजी सूर्यग्रहणाच्या पर्वावर श्रीक्षेत्र महाबळेश्वर येथे जिजाबाईंची सुवर्णतुला केली. त्याच वेळी वृद्ध सोनोपंत डबीर यांचीही तुला झाली. आईबरोबर एका म्हाताऱ्या सेवकालाही पारड्यात बसवून त्याचा गौरव करणे ही लहान गोष्ट नव्हती. ही तुला ग्रहणपर्वाची होती, वयाच्या टप्प्याची नव्हती; पण पुढे साठी-पंचाहत्तरीच्या सोहळ्यांत तुलेला कायमची जागा मिळाली. सोन्याची जागा गूळ, साखर आणि धान्याने घेतली, विसाव्या शतकात ग्रंथतुला आणि वह्यांची तुला आली, आणि तुलेतल्या वस्तू शाळांना, वाचनालयांना जाऊ लागल्या.

हे सगळे करायचे तर जन्माची तिथी ठाऊक हवी. ती पत्रिका असलेल्या घरांनाच ठाऊक असे, म्हणून साठीशांत दीर्घकाळ ब्राह्मण, सावकार आणि सरदार घराण्यांपुरती राहिली. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या घरी वय सांगण्याची रीत वेगळी होती. अमका दुष्काळात जन्मला, तमकी प्लेगच्या साली तान्ही होती, नदीला मोठा पूर आला तेव्हा थोरला रांगत होता. मुलाला शाळेत घालताना मास्तर अंदाजाने वय लिहीत आणि शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने १ जून ही तारीख टाकून मोकळे होत. जन्ममृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ मध्ये झाला; त्याआधी जन्मलेल्या पिढ्यांतील असंख्य माणसांचा कागदोपत्री वाढदिवस म्हणूनच १ जून आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, या नियमामुळे दर ३१ मे रोजी राज्यातल्या शाळा-कचेऱ्यांत निरोपसमारंभांची रीघ लागते. पुढे या कुटुंबांतही एकसष्टी साजरी होऊ लागली. तिला आधार शाळेच्या दाखल्याचा होता, आणि पंचांगापेक्षा या दाखल्यानेच हा सोहळा अधिक घरांत पोहोचवला.

उतारवयातली मोठी सफर म्हणजे यात्रा. संसाराची जबाबदारी मुलांवर सोपवून काशीला जावे, गंगा आणावी, परतल्यावर गावाला मावंदे घालावे, ही शतकानुशतकांची इच्छा. प्रवास महिनोन्महिने पायी, बैलगाडीने किंवा मेण्यातून व्हायचा आणि परत येण्याची खात्री नसे. निघण्यापूर्वी देणी फेडून सर्वांचा निरोप घेत. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई १७३५ च्या प्रारंभी पुण्याहून उत्तरेच्या यात्रेला निघाल्या आणि १७३६ च्या मध्यास परतल्या. वाटेत उदयपूर आणि जयपूरच्या दरबारांनी त्यांचा सन्मान केला. यात्रा धर्माची होती, पण त्या आदरातिथ्यात मराठ्यांच्या वाढत्या सत्तेची दखलही होती. ज्यांना एवढा प्रवास झेपत नसे त्यांच्यासाठी मुले गंगा घरी आणीत. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडलेले वरसईचे विष्णुभट गोडसे काशीची गंगा कावडीने घरी घेऊन आले आणि त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. ‘माझा प्रवास’ या त्यांच्या पुस्तकात बंडाच्या हकिगती अधिक गाजल्या, पण त्या पुस्तकामागचे हे पुत्रकर्तव्यही तितकेच मोलाचे आहे.

आगगाडीने या यात्रेचा स्वभाव बदलला. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली आणि १८७० मध्ये मुंबई जबलपूर-अलाहाबादमार्गे कलकत्त्याला जोडली गेली. काशी आता काही दिवसांच्या अंतरावर आली. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला पोहोचली आणि ज्यांचे पाय वारीला साथ देत नव्हते त्यांनाही चंद्रभागा गाठता येऊ लागली. तरी आषाढीची पायी वारी ओसरली नाही. दिंड्यांत आजही साठी-सत्तरीच्या स्त्रीपुरुषांची संख्या डोळ्यांत भरते, आणि शेतातली पेरणी उरकून बाहेर पडणाऱ्या म्हाताऱ्या बायकांसाठी वर्षातली हीच हक्काची सुट्टी असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वयाच्या सोहळ्याला एक सार्वजनिक वळण मिळाले. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचे ज्युबिली समारंभ १८८७ आणि १८९७ साली हिंदुस्थानभर सरकारी थाटात झाले. संस्था आणि व्यक्तींचे रौप्य, सुवर्ण, हीरक, अमृत महोत्सव मोजण्याची सवय मराठी समाजात त्यानंतर रुजली. लोकमान्य टिळकांची साठी २३ जुलै १९१६ रोजी पुण्यात साजरी झाली, तेव्हा लोकांनी वर्गणी जमवून त्यांना एक लाख रुपयांची थैली दिली आणि टिळकांनी ती राष्ट्रकार्याला अर्पण केली. त्याच दिवशी सरकारने त्यांच्यावर राजद्रोही भाषणांबद्दल जामीन मागणारी नोटीस बजावली. घरातल्या शांतीतले दान येथे उलट्या दिशेने वाहिले: समाजाने दिले, आणि ते पुन्हा समाजाकडेच गेले. थैली, सत्कार आणि गौरवग्रंथ ही त्रिसूत्री पुढे लेखक, शिक्षक, गायक, पुढारी सर्वांना लागू झाली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांची शंभरी ही त्या परंपरेतली सर्वांत हृद्य घटना. १८ एप्रिल १९५८ रोजी त्यांना शंभर वर्षे पूर्ण झाली, त्या दिवशी टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले, आणि त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य घालवताना ज्यांना समाजाने वाळीत टाकले होते, त्यांच्या शंभरीला तोच समाज लोटला. कर्वे त्यानंतरही चार वर्षे जगले.

टिळकांच्या काळी साठी गाठणे हेच अप्रूप होते. १९५१ च्या सुमारास भारतात जन्मवेळचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. बालमृत्यू आणि साथी कमी झाल्या तसे साठीपलीकडचे आयुष्य अनेकांच्या वाट्याला आले. २०११ च्या जनगणनेत देशात साठीवरची माणसे १० कोटींहून अधिक होती. दुसरीकडे निवृत्तिवेतनाने एक नवा वर्ग तयार केला. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय १९६२ मध्ये ५५ वरून ५८ आणि १९९८ मध्ये ६० झाले. दरमहा पेन्शन, मोकळा दिवस आणि चालते पाय असलेली ही माणसे पुण्यासारख्या हवेशीर शहरांत स्थिरावली आणि पुण्याला पेन्शनरांचे गाव म्हणू लागले.

त्यांच्या विरंगुळ्याच्या जागा आधीपासून होत्या. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला, गावोगावची नगर वाचनालये, देवळातले कीर्तन आणि भजनी मंडळ, पारावरचा पत्त्यांचा डाव या त्या जागा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांत ज्येष्ठ नागरिक संघांची भर पडली. महिन्याच्या सभेत त्या महिन्यातले वाढदिवस एकत्र साजरे करणे, आरोग्यावर व्याख्यान, वर्षातून एक-दोन सहली हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम. या संघांचा राज्यव्यापी महासंघ फेस्कॉम या नावाने ओळखला जातो. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या उद्यानांतून आणखी एक चळवळ उभी राहिली. मार्च १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईच्या एका उद्यानात पाच जणांसह पहिला हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला विनोद सांगून हसत. विनोद संपले, तेव्हा विनाकारण हसण्याचे व्यायाम बसवले गेले. हे क्लब लवकरच राज्यभर पसरले आणि परदेशांतही गेले. एकाकी पडलेल्या माणसाला रोज सकाळी कुठेतरी वाट पाहिली जाते ही खात्री त्यांनी दिली. त्यांची खरी कमाई हीच.

सहलींना बळ दिले ते सवलतीच्या तिकिटाने. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. ज्येष्ठांना अर्ध्या तिकिटाची सोय पुढे आली, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना एसटीचा प्रवास मोफत झाला. परिणाम खेडोपाडीच्या गाड्यांत दिसतो. तालुक्याच्या बाजाराला, लेकीच्या गावाला, जेजुरीला किंवा तुळजापूरला जाण्यासाठी आता कुणाच्या खिशाकडे पाहावे लागत नाही. रेल्वेने मात्र मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत थांबवली आणि लांबच्या यात्रा पुन्हा खर्चाच्या झाल्या.

या इतिहासात बाईची बाजू फार काळ झाकलेली राहिली. साठी मोजायची ती नवऱ्याच्या वयाने. बायको शेजारी बसे, तिची स्वतःची साठी कुणी लक्षात ठेवत नसे. नवरा गेल्यावर तर ओवाळण्याच्या तबकाला हात लावण्याचाही अधिकार संपे, आणि पोटच्या मुलाच्या साठीत त्याची आई मागच्या खोलीत बसलेली असे. स्त्रिया नोकरी करून स्वतःच्या नावाने निवृत्त होऊ लागल्या, तेव्हापासून आईची पंचाहत्तरी, आजीचे सहस्रचंद्रदर्शन असे स्वतंत्र सोहळे वाढले. पर्यटन कंपन्यांनी फक्त महिलांच्या सहली सुरू केल्यावर त्यांतही उतारवयाच्या स्त्रियांनी मोठ्या संख्येने नावे नोंदवली. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. अनेक कुटुंबांनी असा निर्णय ठरावाची वाट न पाहता आधीच घेतला होता. तेथे कुंकू लावलेल्या आजीच्या हातातले तबक आधी आजोबांच्या तसबिरीसमोर आणि मग मुलासमोर फिरते, आणि तिच्या स्वतःच्या ऐंशीच्या दिवशी नातवंडे तिला ८० दिव्यांनी ओवाळतात.