दत्तकाचा नजराणा आणि एक आणा

१/ मूल दत्तक घेणे ही घरातील बाब. होम होतो, मूल मांडीवर बसते, गोत्र बदलते. मग या विधीसाठी सरकारात द्रव्य का भरावे लागे? आणि ते भरणे कधी थांबले? आजचा धागा दत्तक आणि राजस्व यांच्या या विसरल्या गेलेल्या नात्याविषयी.

२/ मराठेशाहीत वतन, इनाम किंवा सरंजाम धारण करणाऱ्या घराण्याला दत्तक घ्यायचा झाल्यास सरकारची संमती लागे आणि संमतीसोबत नजर द्यावी लागे. यामागील विचार असा : उत्पन्न मुळात सरकारने दिलेले आहे. ते नव्या हाती जायचे, तर देणाऱ्याची मान्यता हवी.

३/ या नजरेचे राजकारण कसे चाले, याचे प्रसिद्ध उदाहरण होळकरांचे. १७६७ मध्ये मालेराव निवर्तले. माल्कमच्या वृत्तांतानुसार, दिवाण गंगाधर यशवंत यांनी अहिल्याबाईंनी एखादे लहान मूल दत्तक घ्यावे असा घाट घातला आणि त्यासाठी राघोबादादांना नजरेचे आमिष दाखवले. अहिल्याबाईंनी तो बेत साफ धुडकावला. दत्तक बालक गादीवर बसले असते, तर कारभार दिवाणाच्या हाती गेला असता, हे त्यांनी ओळखले होते.

४/ तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. नजर कितीही जाचक असली, तरी ती भरल्यावर दत्तक मान्य होई. घराणे टिके. म्हणजे हा दत्तकावरचा कर होता, दत्तकाचा निषेध नव्हे. कंपनी सरकारच्या काळात नेमका हाच भेद पुसला गेला.

५/ ५ एप्रिल १८४८. साताऱ्याचे शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज वारले. मृत्यूपूर्वी काही तासच त्यांनी दत्तकविधान केले होते. १८१९ च्या तहात राज्य राजाला व त्याच्या ‘वारसांना’ दिलेले होते. दत्तक पुत्र हा वारस की नाही? मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी संस्थान खालसा करण्यास विरोध केला. डलहौसीने मात्र दत्तक नामंजूर करून सातारा घेतला.

६/ डलहौसीची मांडणी बारकाईने पाहा. दत्तक पुत्र खासगी मालमत्तेचा वारस होईल, पण सार्वभौम सरकारच्या संमतीवाचून राज्याचा होणार नाही. एकच मूल धर्मशास्त्राच्या दृष्टीने पुत्र आणि राज्यापुरते परके! १८५४ मध्ये झाशी व नागपूर याच न्यायाने गेली.

७/ झळ केवळ राजवाड्यांना बसली नाही. १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दख्खन, खानदेश व दक्षिण महाराष्ट्रातील इनामदारांना आपल्या सनदा सिद्ध करून दाखवाव्या लागल्या. ज्या घरात मध्येच एखादा दत्तक झाला होता, तेथे त्याला सरकारी मंजुरी होती का, हा प्रश्न जमिनीच्या मुळावर येई.

८/ १८५७ ने हे धोरण किती महाग पडते ते दाखवले. १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या : औरस वारस नसल्यास घराण्याच्या रूढीप्रमाणे घेतलेला दत्तक सरकार मान्य करील.

९/ सामान्य इनामदारांची सुटका मात्र १८६३ च्या मुंबई इलाख्यातील २ ऱ्या कायद्याने झाली. हीच ती ‘समरी सेटलमेंट’. ज्यांचा हक्क चौकशीने ठरलेला नव्हता, त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या : पुरावे देऊन हक्क सिद्ध करा, किंवा ठरावीक वार्षिक रक्कम मान्य करून कायमचे निर्धास्त व्हा.

१०/ हिशेब असा. जमिनीच्या आकारातील दर रुपयामागे ४ आणे जुडी आणि १ आणा नजराणा. आकार १०० रुपये असेल, तर जुडी २५ रुपये, नजराणा ६ रुपये ४ आणे. एकूण ३१ रुपये ४ आणे. त्या एका आण्याच्या मोबदल्यात वारसा आणि हस्तांतर यांबाबतचे आपले दावे सरकारने सोडले. राजकीय, चाकरीची व देवस्थानची इनामे यातून वगळलेली होती.

११/ हा आणा सवलत होता की दंड? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. ज्याची जमीन पूर्वी पूर्ण माफी होती, त्याला हा नवा बोजाच वाटला असणार. पण निपुत्रिक विधवेच्या दृष्टीने पाहिले, तर तिने मांडीवर घेतलेल्या मुलाचे पुत्रत्व आता कचेरीत पणाला लागणार नव्हते. अनिश्चित संकटाचे रूपांतर निश्चित रकमेत झाले होते.

१२/ संस्थानिकांना गादीवर येताना द्यावा लागणारा नजराणा त्यानंतरही चालू राहिला. तो १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात पंचम जॉर्जच्या घोषणेने बंद झाला.

१३/ आज चित्र उलटले आहे. भारताच्या १९६१ च्या आयकर कायद्याने ‘अपत्य’ या शब्दाच्या व्याख्येत दत्तक अपत्याचा स्पष्ट समावेश केला. अमेरिकेने १९९६ च्या कायद्याने आणखी पुढचे पाऊल टाकले : दत्तकाच्या खर्चापोटी करात ५,००० डॉलरपर्यंत, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी ६,००० डॉलरपर्यंत सूट. जेथे राज्य हात पुढे करून मागत होते, तेथे ते आपला वाटा सोडू लागले.

१४/ या बदलाचे कारण आहे. जुन्या दत्तकात प्रश्न होता वंश आणि वतन चालवण्याचा; म्हणून राज्य दत्तक घेणाऱ्याच्या मिळकतीकडे पाहत असे. आधुनिक कायदा त्या मुलाकडे पाहतो, ज्याला घर हवे आहे. कुणाच्या घरी इनामाची जुनी सनद असेल, तर तिच्यात जुडीशेजारी नजराण्याचा वेगळा आकडा आहे का, ते अवश्य पाहा. असल्यास तो आणा कशासाठी भरला गेला, हे आता तुम्हांला ठाऊक आहे.