महाराजांचा वकील कोण होता?

आज वाईहून निघून कोल्हापूरला जायचंय, तेही १८८२ सालात. वाटेत कऱ्हाडजवळ टेंभू लागतं, गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव. आजच्या गोष्टीत ते आहेत. विषय मात्र वकिलांचा आहे. ज्याला लोक वेडा म्हणतात त्याचं वकीलपत्र घेतलं, तर वकिलाने ऐकायचं कोणाचं?

कोल्हापूर प्रकरण आपण शाळेत एका ओळीत शिकतो. टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, संपलं. ते ज्यांच्यासाठी तुरुंगात गेले त्यांचं नाव विचारा, बहुतेक जण गप्प होतात. ते होते छत्रपती चौथे शिवाजी महाराज. जन्म १८६३ चा. लहानपणीच दत्तक येऊन गादीवर बसले. विशीत येईपर्यंत त्यांच्या मनाचं बरं नाही असं सांगितलं जाऊ लागलं, आणि मुंबई सरकारने त्यांना वेडं ठरवलं. कारभार इतरांच्या हाती गेला, महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं.

'केसरी' आणि 'मराठा' ही तेव्हा वर्षभराची पत्रं. महाराज वेडे नाहीत, दिवाण माधवराव बर्वे त्यांचा छळ करवतात, असं त्यांत छापून आलं. आधार होता काही पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ती पत्रं बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी खटला थांबला नाही आणि जुलै १८८२ मध्ये दोघांना चार-चार महिन्यांची साधी कैद झाली. (आगरकरांनी तुरुंगात काय केलं माहितीये? 'हॅम्लेट'चं भाषांतर, म्हणजे 'विकारविलसित'. खरंच वेडा की नाही हे कोणालाच सांगता येत नाही असा राजपुत्र, आणि त्याचा अनुवाद करणारा अशाच एका राजामुळे कैदेत.)

२५ डिसेंबर १८८३ रोजी महाराज अहमदनगरला वारले. पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली होती. वय अवघं वीस.

ते खरंच आजारी होते का, यावर लिहिणारे आजही भांडतात. मला त्यात पडायचं नाही. मला खटकतं ते वेगळंच. या सगळ्या प्रकरणात महाराजांच्या बाजूने बोलणारे होते, त्यांच्या नावाने निर्णय घेणारे होते, दिवाणांचे वकील होते, संपादकांचेही होते. महाराजांना स्वतःला काय हवंय हे विचारून, तेच सरकारपुढे मांडायला बांधलेला एकही माणूस या गोष्टीत मला सापडत नाही. टिळक-आगरकरांचा हेतू चांगला होता हे मी मानतो. पण तेही बोलले ते कागदांवरून, आणि कागद खोटे निघाले.

बरं, कायदा नव्हता असं नाही. १८५८ सालीच इंग्रजांनी वेडेपणाबद्दल तीन कायदे एकदम केले होते. त्यातल्या ३५ क्रमांकाच्या कायद्यात जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयाने चौकशी करून मगच माणूस वेडा ठरवायचा, अशी रीत होती. पण तो ब्रिटिश मुलखातल्या इस्टेटवाल्यांसाठी. संस्थानिकाचा प्रश्न कोर्टात नाही, सरकारी दफ्तरात सुटायचा. म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या इनामदाराला जी चौकशी मिळाली असती, ती छत्रपतींना मिळाली नाही!

पुढे १९१२ चा कायदा आला. नातेवाइकांचा अर्ज, दोन डॉक्टरांचे दाखले, मॅजिस्ट्रेटचा हुकूम, की माणूस आत. आपल्याकडे 'याला येरवड्याला पाठवा' ही थट्टा त्याच काळाची देणगी असावी. तो कायदा थेट १९९३ पर्यंत चालला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने, गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं बेकायदा आहे असं स्पष्ट सांगितलं. ते प्रकरण आसाम आणि बंगालच्या तुरुंगांचं, पण न्यायालयात नेलं होतं मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांनी. याच बर्से १९८३ मध्ये मुंबईच्या कोठडीतल्या बायकांसाठी लढल्या होत्या. तिथे एका वकिलानेच कैदी बायकांना फसवल्याची तक्रार होती. कोंडलेल्या माणसाला वकील मिळाला म्हणजे काम झालं, असं नसतं.

आता आमच्या वाईतली गोष्ट. नाव-गाव सांगत नाही. तीन भाऊ, मधल्याला स्किझोफ्रेनिया. गोळ्या चालू असल्या की माणूस व्यवस्थित, हिशोब तोंडपाठ. जमिनीची वाटणी निघाली. थोरल्याने वकील केला, फी दिली, आणि त्याच वकिलाने मधल्याच्या वतीनेही कागद तयार केले. मधल्याला त्यांनी एकदाही समोर बसवून विचारलं नाही. 'त्याला काय कळतंय?' हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात पैसे देणारा एक आणि वापरणारा दुसरा हे रोजचंच आहे. देणाऱ्याचं ऐकलं की निभावतं. वकिलीत निभावत नाही, निभावू नये. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे वकिलांच्या वर्तणुकीचे नियम आहेत. त्यातला १९ वा नियम अगदी छोटा: आपला पक्षकार किंवा त्याने अधिकार दिलेला प्रतिनिधी, याखेरीज कोणाच्याही सूचनेवरून वकिलाने काम करायचं नाही. फी कोणी दिली हा मुद्दाच नाही. एका बाजूला सल्ला दिला असेल, तर त्याच प्रकरणात उलट बाजूने उभं राहायचं नाही, हा ३३ वा. थोरल्याचा वकील व्हायला हरकत नाही हो, मग तसं सांगा आणि मधल्याला दुसरा वकील घेऊ द्या.

'पण त्याची सही चालेल का?' १८७२ चा करार कायदा म्हणतो, एरवी भान नसलेला माणूस ज्या काळात भानावर असतो त्या काळात करार करू शकतो. दीडशे वर्षांपूर्वीची ही समज आजच्या गल्लीतल्या समजेपेक्षा पुढची आहे. आणि खरोखरच जमत नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३२ व्या आदेशाप्रमाणे कोर्ट वादपालक नेमतं. ज्याचे हितसंबंध उलटे आहेत त्याला नेमता येत नाही. भावाने भावाचं परस्पर उरकून टाकायचं, असं त्यात कुठेच नाही.

अवघड जागाही आहे. पक्षकार म्हणतो, 'मला घरी जायचंय.' वकिलाला मनातून वाटतं, अजून पंधरा दिवस दवाखान्यात राहिला तर बरं. मग मंडळापुढे काय मांडायचं? माझं मत: पक्षकार म्हणतो तेच. दवाखान्यात ठेवावं हे सांगायला डॉक्टर आहेत, घरचे आहेत. वकिलानेही तीच बाजू उचलली, तर खोलीत सगळे एका बाजूला आणि तो एकटा दुसऱ्या बाजूला. वकिलाने त्याला एकांतात 'मला हे धोक्याचं वाटतं' असं जरूर सांगावं. तोही सल्लाच आहे.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या २७ व्या कलमाने त्या कायद्यातले हक्क बजावण्यासाठी रुग्णाला मोफत वकील मिळतो, आणि हे त्याला सांगणं पोलीस, मॅजिस्ट्रेट आणि संस्थेच्या प्रमुखावर बंधनकारक आहे. १९८७ च्या कायद्यात ऐपत बघितली जायची, आता ती अट नाही. जमिनीच्या दाव्यासाठीही विधी सेवा कायद्याच्या १२ व्या कलमात अपंग व्यक्ती आणि मनोरुग्णालयात ठेवलेली व्यक्ती दोन्ही येतात. अर्ज तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे करायचा. मधल्याला मी हे सांगितलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, "तो वकील माझ्याशी बोलेल ना?"